परतवाड्याचा सागवानी मँटल: लाकडाला पैकीच्या पैकी, आगीला निम्मे गुण

परतवाड्यातील एका सुतारकाम कारखान्याकडून आम्ही चिखलदऱ्याच्या जुन्या घरातील फायरप्लेससाठी सागवानी मँटल घडवून घेतला, त्याचे हे परीक्षण आहे. मँटल म्हणजे फायरप्लेसच्या तोंडाभोवती बसवलेली चौकट. तिला दोन बाजूंना दोन खांब असतात, त्यांना जोडणारी आडवी पट्टी असते आणि सर्वांत वर घड्याळ किंवा फोटो ठेवण्याजोगी रुंद फळी असते. विदर्भाच्या सपाटीवर मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास फिरत असतो, त्यामुळे तिथे या वस्तूची कोणाला गरज पडत नाही; मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 1,118 मीटर उंचीवरील चिखलदऱ्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री शेकोटीवाचून दिवाणखान्यात बसवत नाही, आणि म्हणूनच इंग्रजांच्या काळातील तेथल्या बंगल्यांवर धुराडी दिसतात. कारखान्याला पाटी नाही, आणि मालकांनीही आपले नाव छापू नये असे सांगितले आहे; त्यामुळे येथे त्यांचा उल्लेख केवळ मिस्त्री असा केला आहे.

जुना मँटल काढावा लागला तो वाळवीमुळे. समोरून तो धडधाकट दिसत होता. परंतु भिंतीकडची बाजू इतकी पोखरलेली होती की वरच्या फळीवर हात टेकताच ती खचली. सागाला वाळवी लागत नाही ही समजूत अर्धीच खरी आहे. सागाच्या पक्क्या गाभ्याला वाळवी सहसा शिवत नाही. सालीलगतचे पांढरट, कच्चे लाकूड मात्र ती इतर कोणत्याही लाकडाइतक्याच आनंदाने खाते. जुन्या कारागिराने दर्शनी भागाला गाभा वापरला होता आणि मागे, जिथे कोणाची नजर जाणार नाही तिथे, पांढरे लाकूड दडवले होते. नवे काम देताना आमची पहिली अट याच अनुभवातून आली.

अमरावती आणि नागपूरच्या इंटेरियरच्या दुकानांत चौकशी केली, तेव्हा बहुतेकांनी एमडीएफवर, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीवर, व्हिनीर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा चढवलेले किंवा पीओपीचे तयार नमुने दाखवले. आत दिव्यांच्या माळा लावून केवळ शोभेसाठी उभारलेल्या फायरप्लेसला ते चालतीलही. आमच्या फायरप्लेसमध्ये खरोखर लाकूड जळते, आणि पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल येते. एमडीएफला ओल सोसत नाही, व्हिनीरचा चिकटवलेला थर उष्णतेने सुटू लागतो. भरीव लाकूड हवे हे ठरल्यावर परतवाड्याला पर्याय नव्हता. मेळघाटच्या पायथ्याशी वसलेल्या या गावात वन विभागाचे लाकूड आगार आहे, लिलावातून माल उचलणारे व्यापारी आहेत, आरामशीन आहेत, आणि त्यांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या दारे, चौकटी, दिवाण आणि देवघरे करणारे सुतार आहेत. मँटल हे त्यांच्या रोजच्या कामांपैकी नाही. पण चौकट करणे आणि देवघर करणे ही दोन्ही कामे ज्याला उत्तम येतात, त्याला मँटल अवघड जाऊ नये, असा आमचा अंदाज होता, आणि लाकडापुरता तो खरा ठरला.

मिस्त्रींची बोलण्याची पद्धत आवडण्याजोगी आहे. आम्ही आल्याआल्या दराची गोष्ट काढली, तेव्हा ते म्हणाले, "पयले लाकूड पाहा भाऊ, मंग भावाचं बोलू." त्यानंतर त्यांनी शेडमध्ये उभ्या केलेल्या एकेका पाटाला ओल्या फडक्याने पुसून त्याची रेघ दाखवली, पांढरे लाकूड कुठे संपते आणि गाभा कुठे सुरू होतो तिथे खडूने खूण केली, आणि गाठ असलेले दोन पाट आम्ही न सांगता बाजूला काढले. विदर्भाच्या सागाला देशभरचे व्यापारी अजूनही जुन्या मध्य प्रांताच्या नावावरून सीपी साग म्हणतात. त्यातही बल्लारशाहच्या आगारातून येणाऱ्या, आलापल्लीच्या जंगलातील सागाचा मान मोठा आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च 2023 मध्ये बल्लारपूरहून, म्हणजे याच बल्लारशाहहून, साग रवाना झाला, तेव्हा त्याची पूजा आणि मिरवणूक झाल्याचे अनेकांना आठवत असेल. बल्लारशाहचा साग मागवून देण्याची तयारी मिस्त्रींनी दाखवली. पण फायरप्लेसच्या चौकटीला मेळघाटचा माल पुरेसा आहे, लांबच्या मालाचे भाडे आणि नावाचे पैसे उगाच जातील, असेही त्यांनी स्वतःहून सांगितले. जास्त किमतीचा माल घेऊ नका असा सल्ला देणारा दुकानदार आम्हाला तरी फारसा भेटलेला नाही.

वरच्या फळीसाठी त्यांनी आणखी एक पर्याय सुचवला, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत मोलाची सूचना तीच होती. अचलपुरातील एक जुना वाडा पाडला गेला होता, त्याच्या सागवानी तुळयांपैकी एक कारखान्यात पडून होती. अनेक दशके छपराखाली राहिलेल्या अशा लाकडातील ओलावा केव्हाच स्थिर झालेला असतो. ते नव्या लाकडापेक्षा फार कमी वळते आणि फार कमी तडकते. अडचण खिळ्यांची असते. लपलेला एक खिळाही आरामशीनचे पाते बिघडवतो, म्हणून आरामशीनवाले जुनी तुळई चिरायला सहसा तयार होत नाहीत. मिस्त्रींनी लोहचुंबक फिरवून खिळे शोधले, पटाशीने उकरून काढले, आणि मग तुळई चिरून घेतली. खिळ्यांच्या जागी राहिलेले काळे डाग पुट्टी भरून झाकू नयेत, असे आम्ही सांगितले. आज त्या फळीवर नजर ठरते ती त्या डागांमुळेच. खांब आणि आडवी पट्टी यांसाठी आगारातले नवे लाकूड वापरले, आणि त्याच्या खरेदीचे बिल व वाहतूक परवान्याची प्रत त्यांनी मागण्याआधीच हातात ठेवली. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून साग वर घाटात न्यायचा असेल, तर हे कागद सोबत असणे सोयीचे नव्हे, आवश्यक आहे.

घडाईविषयी तक्रारीला जागा नाही. खांब आणि आडवी पट्टी यांचे सांधे कुसाचे आहेत. पट्टीच्या टोकाला कूस काढून ती खांबाच्या खाचेत बसवली आहे आणि सागाचीच गोल खुंटी ठोकून पक्की केली आहे. दर्शनी बाजूला एकही स्क्रू नाही. वरची फळी खांबांना चिकटवलेली नाही, हे मला विशेष नोंदवावेसे वाटते. लाकूड रेघेला आडव्या दिशेने ऋतूप्रमाणे फुगते आणि आकसते. परतवाड्याच्या उन्हाळ्यातील कोरडी हवा आणि चिखलदऱ्याच्या श्रावणातील धुके यांतील फरक पाहता, 9 इंच रुंदीच्या सागवानी फळीत दोन-अडीच मिलिमीटरचा बदल सहज होऊ शकतो. फळी सर्व बाजूंनी जखडली, तर हा बदल तिला तडा देऊनच वाट काढतो. म्हणून फळीच्या खालून लावलेल्या पितळी स्क्रूंची भोके गोल न ठेवता लांबट ठेवली आहेत, ज्यामुळे फळीला मागेपुढे सरकायला जागा मिळते. हे सर्व मिस्त्रींनी स्वतःच्या समजेने केले. मोठ्या देवघरांचे पाट ते असेच बसवतात, असे विचारल्यावर कळले.

याच ठिकाणी एक उणीवही सांगितली पाहिजे. कारखान्यात लाकडातील ओलावा मोजण्याचे यंत्र नाही. मिस्त्री पाट उचलून वजनावरून आणि बोटाने ठोकून आवाजावरून अंदाज बांधतात. त्यांचा अंदाज पक्का असेलही; पण ज्या ग्राहकाचे घर कारखान्यापेक्षा वेगळ्या हवेत आहे, त्याच्यासाठी हजार-दोन हजारांत मिळणारे साधे यंत्र ठेवायला हरकत नसावी. आमच्या आग्रहावरून त्यांनी रंधा मारलेले, पण अजून न जोडलेले भाग घाटावर पाठवले आणि ते काही आठवडे त्याच दिवाणखान्यात पट्ट्यांवर रचून ठेवले. लाकडाने त्या घरची हवा घेतल्यावरच सांधे शेवटचे बसवण्यात आले. ही पद्धत ते प्रत्येक गिऱ्हाइकासाठी वापरत नाहीत. ज्याला हवी असेल त्याने आधी बोलून घ्यावे.

आता आगीविषयी, आणि येथेच गुण कापले गेले. मँटल ही वस्तू लाकडाची असली, तरी तिचे खरे माप आग ठरवते. आमच्या फायरप्लेसचे तोंड 36 इंच रुंद आणि 28 इंच उंच आहे. मिस्त्रींनी ते माप घेतले, रुंदी-उंची वहीत लिहिली, आणि त्यावरून चौकटीसारखा आराखडा काढून दिला. त्यात 3 इंच जाडीचे खांब तोंडाच्या कडेपासून अवघ्या 4 इंचांवर उभे होते, तर वरची फळी तोंडापासून 8 इंचांवर होती आणि 9 इंच पुढे आलेली होती. दाराच्या चौकटीला हे प्रमाण सुंदर दिसले असते. जळत्या ओंडक्यांभोवती ते घातक आहे. येथे किती लाकूड जाळता, ज्वाळा किती उंच येते, धुराडे ओढते की नाही, यांपैकी एकही प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

या बाबतीत नेमके आकडे हवे असतील, तर अमेरिकेत घरबांधणीसाठी वापरली जाणारी इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड ही नियमावली उपयोगी पडते, कारण तेथे फायरप्लेस ही घराघरांतली गोष्ट आहे. तिच्यानुसार तोंडाच्या कडेपासून 6 इंचांच्या आत जळू शकेल असे कोणतेही साहित्य असता कामा नये. त्यापुढे, तोंडाच्या वर 12 इंचांपर्यंतच्या पट्ट्यात लाकूड असेल, तर ते तोंडापासूनच्या दर इंच अंतरामागे एक अष्टमांश इंचापेक्षा अधिक पुढे आलेले नसावे, म्हणजे 8 इंचांवर जास्तीत जास्त 1 इंच आणि 12 इंचांवर दीड इंच. नियम काटेकोर वाटतो, पण त्यामागचे कारण साधे आहे. ज्वाळेची धग तोंडातून बाहेर पडून वर वळते, आणि पुढे आलेला प्रत्येक भाग तिला अडवतो. लाकूड पहिल्या दिवशी पेटत नाही; ते वर्षानुवर्षे तापत राहते, हळूहळू कोळशासारखे होत जाते, आणि तसे झालेले लाकूड मूळ लाकडापेक्षा कमी तापमानाला पेट घेऊ शकते. त्यामुळे आमच्याकडे वीस वर्षे काही झाले नाही, हे विधान या बाबतीत दिलासा देणारे नसते.

हे मिस्त्रींपुढे मांडले, तेव्हा त्यांनी कोणताही वाद न घालता नवा आराखडा काढला आणि त्याचे वेगळे पैसे मागितले नाहीत. तोंडाच्या तिन्ही बाजूंना 12 इंच रुंदीचा काळ्या पाषाणाचा पट्टा ठेवायचे ठरले, आणि लाकूड त्याच्या बाहेरच सुरू करायचे ठरले. त्यामुळे दोन्ही खांबांमधील अंतर 60 इंच झाले, प्रत्येक खांब 7 इंच रुंद, आडवी पट्टी 8 इंच उंच, आणि वरची फळी 80 इंच लांब. फळीचा तळ जमिनीपासून 48 इंचांवर, म्हणजे तोंडाच्या वरच्या कडेपासून 20 इंच दूर आला. एवढा रुंद दगडी पट्टा ठेवल्याने मँटल भिंतीवर जड दिसेल, अशी मला शंका होती. प्रत्यक्षात काळा दगड आणि तांबूस लाकूड यांचा मेळ इतका चांगला बसला आहे की पहिला, आटोपशीर आराखडा आता कागदावरही अपुरा वाटतो.

पुढच्या फरशीचेही तसेच. तोंडाचे क्षेत्रफळ 1,008 चौरस इंच, म्हणजे बरोबर 7 चौरस फूट भरते. आणि 6 चौरस फूट किंवा त्याहून मोठ्या तोंडापुढे, त्याच नियमावलीनुसार, किमान 20 इंच आणि दोन्ही बाजूंना 12-12 इंच न जळणारी फरशी असावी लागते. आमच्याकडे जुनी दगडी फरशी जेमतेम 14 इंच पुढे होती आणि तिच्यापुढे लाकडी पाटांची जमीन होती, ज्यावर ठिणग्यांचे अनेक काळे डाग आहेत. हे काम सुतारांचे नाही, असे मिस्त्रींनी सांगितले, आणि ते बरोबरही आहे. मात्र ते कोणाचे आहे, हे कोणी तरी सांगायला हवे होते. दगडाचे काम आम्ही दुसऱ्या गवंड्यांकडून करून घेतले. त्यांचे आणि मिस्त्रींचे वेळापत्रक एकदाही जुळले नाही, आणि दिवाळीपूर्वी पूर्ण व्हायचे काम संक्रांतीच्या पुढे गेले. या उशिराचा निम्मा दोष गवंड्यांचा आहे. उरलेला निम्मा कारखान्याच्या पद्धतीचा आहे. त्यांच्याकडे दगड, लाकूड आणि धुराडे या तिन्हींकडे एकत्र पाहणारा माणूस नाही, आणि ग्राहकालाच मुकादम व्हावे लागते.

दगडी पट्टा गवंड्यांनी शेवटी बसवला, तोही पूर्ण सपाट नव्हता. पाषाणाची कड काही ठिकाणी पाव इंच पुढे-मागे होती. मिस्त्रींनी खांब भिंतीला टेकवून दगडाचा उंचसखलपणा पेन्सिलने लाकडावर उतरवला आणि खांबाची मागची कड त्या रेषेबरहुकूम तासून घेतली. आज दगड आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकवण्याइतकीही फट नाही. अनेक कारागीर अशा वेळी फटीत पांढरा सिमेंट किंवा सिलिकॉन भरून मोकळे होतात. मँटलचे वजन भिंतीवर कसे पेलले आहे, हेही पाहण्यासारखे आहे. भिंतीत आधी एक तिरप्या कडेची सागवानी पट्टी बोल्टने पक्की केली, फळीच्या मागे तशीच उलटी कड कापली, आणि फळी वरून अडकवून दिली. खालचे स्क्रू काढले की ती उचलून काढता येते, म्हणजे पुढे कधी वाळवी किंवा ओल तपासायची झाली, तर काही तोडावे लागणार नाही. जुन्या मँटलच्या बाबतीत हीच सोय असती, तर त्याची मागची बाजू वेळीच दिसली असती.

नक्षीकामाविषयी आमचे मतभेद झाले. मिस्त्रींच्या अल्बममध्ये मोर, द्राक्षवेल, कलश आणि कमळ यांची देवघरांसाठीची नक्षी आहे, आणि ती त्यांच्या हाताला सहज येते. ती मँटलवर नको म्हटल्यावर त्यांच्याकडच्या एका तरुणाने आदिवासी डिझाइन म्हणून मोबाइलवरचे एक छायाचित्र दाखवले. घोडेस्वार, सूर्य आणि चंद्र कोरलेली ती सागवानी पाटी होती. मेळघाटात राहणाऱ्या प्रत्येकाला ती ओळखता यावी, कारण ती कोरकू समाजाची मुंडा, म्हणजे मृत व्यक्तीच्या स्मरणार्थ उभारली जाणारी पाटी आहे. ती शोभेची नक्षी म्हणून कोणाच्या दिवाणखान्यात लावणे मला योग्य वाटत नाही, आणि पर्यटकांसाठी घरे सजवणाऱ्यांनीही याचा विचार करावा. शेवटी खांबांवर केवळ दोन उभ्या खाचा आणि फळीच्या कडेला एक गोलाई, एवढेच ठेवले. लाकडाची रेघ चांगली असेल, तर तिच्यावर आणखी काही कोरण्याची गरज नसते. मिस्त्रींना मात्र हे काम अजूनही अर्धवट वाटते आणि तसे ते बोलूनही दाखवतात.

पॉलिशमध्ये आमच्या आग्रहाचा उपयोग झाला. कारखान्यात चकाकणारे मेलामाइन लावण्याची रीत आहे. ते प्लास्टिकसारखे दिसते, आणि एकदा ओरखडा पडला की त्या जागी पुन्हा मिळून येत नाही. लाखेचे पॉलिश दिसायला सुंदर असते. पण लाख साधारण 75 अंश सेल्सियसच्या आसपास मऊ होऊ लागते आणि ओलीने पांढरट डाग धरते, त्यामुळे धुक्याच्या गावात आणि आगीच्या वर ते टाळणेच बरे. आम्ही जवसाचे उकळलेले तेल पातळ थरांत देऊन, प्रत्येक थर वाळू देऊन, शेवटी मेणाचा हात दिला. जवस हे आपल्या विदर्भाचे जुने पीक आहे आणि तेलही सहज मिळते. मात्र येथे एक प्रसंग नोंदवणे भाग आहे. तेल पुसलेली फडकी पोरांनी गोळा करून एका पोत्यात कोंबली आणि ते पोते फायरप्लेसशेजारी ठेवून ती मंडळी जेवायला गेली. जवसाचे तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता निर्माण होते. फडकी मोकळी पसरलेली असतील तर ती निघून जाते, पण ढिगात ती कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. आम्ही पोते बाहेर नेऊन फडकी पाण्याच्या बादलीत टाकली. कारखान्यात लाकडाचा भुसा असतो, पेट्या असतात, माणसे रात्री झोपतात. हे त्यांना ठाऊक नसणे चिंतेचे आहे. मिस्त्रींनी ते ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवसापासून फडकी कुंपणाच्या तारेवर एकेक करून वाळत घातलेली दिसली.

मँटल बसल्यावर पेटवून पाहण्याचा आग्रह आम्ही धरला. हा आग्रह प्रत्येक ग्राहकाने धरावा, कारण धूर खोलीत येत असेल, तर त्याची काजळी सर्वांत आधी नव्या फळीच्या तळावर बसते. आमच्या आगीच्या कोनाड्याच्या बाजू तिरप्या आहेत आणि तो फारसा खोल नाही. 1796 मध्ये उष्णतेचे अभ्यासक काउंट रम्फर्ड यांनी आपल्या निबंधात ज्या ठेवणीचा पुरस्कार केला होता, तिच्याशी हे जुळते, आणि या ठेवणीत उष्णता खोलीकडे अधिक फेकली जाते व धूर वर ओढला जातो. धुराडे आतून 11 इंच चौरस, म्हणजे 121 चौरस इंच आहे. चौकोनी धुराड्यासाठी तोंडाच्या एक दशांश क्षेत्रफळ पुरते असे मानले जाते, ते येथे सुमारे 101 चौरस इंच होते. बाभळीची आणि जुन्या संत्र्याच्या बागेतून काढलेली वाळकी लाकडे दीड-दोन तास जाळल्यावर दगडी पट्ट्याचा आतला भाग हात ठेवता येणार नाही इतका तापला होता, खांबांची दगडाकडची कड कोमट होती, आणि फळीचा तळ हात निवांत ठेवता येईल असा होता. पहिल्या आराखड्याप्रमाणे खांब ज्या जागी आले असते, ती जागा आम्ही मिस्त्रींना हात लावून पाहायला सांगितली. त्यांनी हात लगेच मागे घेतला.

खर्चाबद्दल अनेकांना उत्सुकता असेल. लाकूड, घडाई, तेल-मेण आणि घाटावरची वाहतूक मिळून रक्कम चाळीस ते पन्नास हजारांच्या दरम्यान गेली. दगडाचे काम त्यात नाही. लाकडाचा हिशेब घनफुटावर होतो, आणि तो नीट समजून घ्यावा. तयार मँटलमधील लाकूड मोजले, तर वरची फळी 80 बाय 9 बाय 2 इंच, दोन खांब प्रत्येकी 48 बाय 7 बाय 3 इंच आणि आडवी पट्टी 60 बाय 8 बाय दीड इंच, असे सर्व मिळून 4,176 घनइंच, म्हणजे सुमारे 2.4 घनफूट होते. बिलात साडेतीन घनफूट लावले आहेत. मधला फरक चिरणे, रंधा मारणे, पांढरे लाकूड आणि गाठी काढणे यांत जातो. पांढरे लाकूड अजिबात नको ही अट आमचीच असल्याने तो फरक मला अवाजवी वाटला नाही. परंतु तो बिल हातात पडल्यावर कळण्याऐवजी आधी कळायला हवा होता. मिस्त्री लेखी अंदाजपत्रक देत नाहीत. तोंडी सांगितलेली रक्कम त्यांनी पाळली, हे खरे असले, तरी नव्या ग्राहकाने आराखडा, घनफूट, मजुरी आणि तारीख या चार गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. ते सही करायला नाही म्हणत नाहीत.

ज्यांना चिखलदऱ्यात किंवा मेळघाटातील एखाद्या जुन्या घरात खरोखर वापरली जाणारी फायरप्लेस नीट करायची आहे, त्यांनी या कारखान्यात अवश्य जावे, मात्र तोंडाचे माप, दगडी पट्ट्याची रुंदी आणि फळीची उंची हे तिन्ही आकडे आपण ठरवून जावे आणि गवंड्यांचे काम पूर्ण झाल्यावरच सुताराला बोलवावे. सपाटीवरील शेतघरात पाहुण्यांना दाखवण्यासाठी फायरप्लेस उभारू पाहणाऱ्यांना मी परतवाड्याला पाठवणार नाही. ज्या भिंतीवर आग पेटणारच नाही, तिथे एवढा साग खर्ची घालण्यापेक्षा त्याच पैशांत याच मिस्त्रींकडून एक उत्तम झोपाळा करून घ्यावा, तो वर्षभर उपयोगी पडेल. मँटलच्या वर टीव्ही लावण्याचा बेत असलेल्यांनी तो सोडून द्यावा. वर जाणारी धग टीव्हीला मानवत नाही, आणि तो इतका उंच जातो की पाहणाऱ्याची मान दुखते.

बसवल्यानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात डाव्या खांबाचा सांधा ओलीने फुगून किंचित वर आला. फोन केल्यावर मिस्त्री लगेच आले नाहीत. पाऊस ओसरून लाकूड पुन्हा बसू द्या, मग बघू, असे त्यांनी सांगितले, आणि दसऱ्यानंतर सांधा आपोआप जागेवर आला. तरीही ते घाट चढून आले, खुंटी तपासली, फळी उचलून मागची बाजू पाहिली, तिथे पुन्हा तेलाचा एक हात दिला आणि गाडीचे भाडे तेवढे घेतले. निघताना त्यांनी शेजारच्या बंगल्याच्या फायरप्लेसचे माप घेतले, आणि या वेळी त्यांनी घरमालकांना पहिला प्रश्न विचारला तो धुराडे कधी साफ केले होते, हा.